नुकसान झालेल्या घरात क्लायंटशी बोलायचं कसं? (थोडा वैताग, थोडी मदत हवी)

ओली_भिंत

मंडळी, धागा वैतागून काढतोय हे आधीच सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी रिस्टोरेशनच्या कामात आहे. म्हणजे आग लागली, पाइप फुटला, पुराचं पाणी शिरलं की त्यानंतर जे उपसायचं, वाळवायचं, घासायचं, उघडायचं आणि परत उभं करायचं काम असतं ना, ते. ११ वर्षं झाली. ब्लोअर (वाळवायचा मोठा पंखा) कुठल्या कोनात लावायचा, कुठली भिंत खालून उघडायची हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण परवा एका क्लायंटने भर दारात असं काही सुनावलंय की डोक्यातून जात नाहीये.

झालं असं. दुमजली घर, माणसं बाहेरगावी, वरच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि ती परत येईपर्यंत दीड दिवस पाणी वाहत होतं, जिन्यावरून, छतातून, सगळीकडून. आम्ही त्याच संध्याकाळी पाणी उपसलं, ८ ब्लोअर आणि २ डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारी मशिनं) लावले आणि मी म्हणालो, ४-५ दिवसांत वाळेल. पाचव्या दिवशी बाकी सगळं वाळलं पण किचनच्या कपाटांमागची भिंत ओलीच. म्हणजे कपाटं काढायला हवीत, म्हणजे काम वाढलं आणि दिवसही वाढले. मालक म्हणाले, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" आणि मी सांगितलं होतं हो! घोटाभर पाण्यात उभं राहून पाऊण तास सगळं समजावलं होतं, आतली ओल बाहेरून दिसत नाही, कपाटं काढावी लागू शकतात, सगळं. त्यातलं त्यांना एकच आठवतंय, ४-५ दिवस.

मग म्हणाले, "आणि मधले दोन दिवस होता कुठे?" यावर मात्र मी गप्प. फोन नव्हता केला. सांगण्यासारखं काही नव्हतंच, मशिनं चालू होती, भिंत वाळत होती, काय सांगणार?

त्यात बोलता बोलता कळलं की ते रोज रात्री मशिनं बंद करून झोपत होते, आवाजाने झोप येत नाही म्हणून. म्हणजे माझे ५ दिवस प्रत्यक्षात ३ च. मग मीही चढ्या आवाजात बोललो, बोलायला नको होतं. आता ते वाढीव कामाच्या कागदावर सही करत नाहीयेत. तुम्ही लोक हे कसं करता? फक्त या धंद्यातल्यांनीच सांगावं असं नाही, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी पण सांगा.

जुना_मुकादम

आधी ती भिंत उघडायचं बघा, धागा नंतर. बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, तुमचे तर पाच दिवस गेले.

आता मूळ प्रश्न. रागावू नका पण चूक तुमचीच आहे आणि ती ४-५ दिवस म्हणण्यात आहे. मी ३० वर्षांत एक शिकलो, काम संपायची तारीख कधी आपल्या हातात नसते, फोन करायची वेळ मात्र शंभर टक्के आपल्या हातात असते. मग जे हातात नाही त्याचा शब्द देता आणि जे हातात आहे त्याचा देत नाही, असं कसं चालेल? मी पहिल्या दिवशी एवढंच म्हणतो, "उद्या संध्याकाळी सातला मी फोन करतो, नवीन काही असो वा नसो." आणि सातला करतो. सव्वासातला नाही. ज्या माणसाचं घर उलटंपालटं झालंय त्याच्या दिवसात सगळंच अधांतरी असतं, त्यात एक सातचा फोन ठरलेला असला की तो दिवसभर सहा वेळा तुम्हाला फोन करत नाही.

नवीन काही नसताना काय बोलायचं विचारलंत. हेच की "आज नवीन काही नाही, जसं व्हायला हवं तसं चाललंय, उद्या सकाळी परत मोजणार." वीस सेकंद लागतात. गप्प बसलात की समोरचा माणूस स्वतःच काहीतरी गोष्ट रचतो आणि ती गोष्ट तुमच्या बाजूची नसते हे लिहून ठेवा.

आणि मशिनं बंद केली म्हणून त्यांच्यावर चिडलात तेही चूक. बंद करू नका म्हणालात, का नाही करायची ते सांगितलंत का? ब्लोअर भिंतीतलं पाणी उचलून हवेत टाकतो, डीह्युमिडिफायर ते हवेतून ओढून टाकीत जमा करतो, ही जोडी आहे, नवराबायकोसारखी, एकाने काम टाकलं की दुसऱ्याचं वाया. नुसता ब्लोअर चालू ठेवलात तर तेच पाणी वरच्या खोलीच्या छताला जाऊन बसतं. हे एवढं सांगितलं की बहुतेक लोक झोपायची खोली बदलतात पण मशीन बंद करत नाहीत. खिडक्यांचंही तसंच. लोक चांगल्या मनाने खिडक्या उघडून टाकतात, बाहेर दमट हवा असली तर आपण दिवसभर जगाची हवा वाळवत बसतो.

चहाटळ

नवराबायकोचं उदाहरण देऊन मुकादमांनी नक्की कुणाला डीह्युमिडिफायर म्हटलंय ते कळलं नाही. गंमत करतोय, दिवे घ्या.

घर_क्र_७

मी दुसऱ्या बाजूची. दोन वर्षांपूर्वी किचनमध्ये आग लागली, माणसं सुखरूप, पण धूर सगळ्या घरात. धागाकर्त्यांचा वैताग समजला तरी मला त्या मालकांचंच पटतंय, सॉरी.

माझ्याकडे जी टीम आली ती कामात चोख होती, ते नाही म्हणत नाही. मास्क लावलेली पाच माणसं आली, एकानेही नाव सांगितलं नाही, थेट प्लास्टिक अंथरायला लागली. मी माझ्याच घरात कुठे उभं राहू ते मला कळत नव्हतं. जो उठला तो एक प्रश्न विचारून जायचा, मेन स्विच कुठे, हे कपाट कुणाचं, पॉलिसी नंबर काय, हेच चौथ्यांदा सांगतेय असं वाटायचं आणि ते खरंच चौथ्यांदा असायचं कारण आपसात कोणीच कोणाला सांगत नव्हतं.

ती गेली संध्याकाळी. मला झोप येईना. हॉलची भिंत काळवंडलेली, तिच्याकडे बघवेना म्हणून रात्री दोन वाजता बादलीत साबणाचं पाणी घेऊन ओल्या फडक्याने पुसायला घेतली. सकाळी माणूस आला आणि भिंत बघून कपाळावर हात मारला. काजळी तेलकट असते, ओलं फडकं लागलं की ती भिंतीत मुरते, आधी कोरड्या स्पंजने उचलायची असते, हे मला त्याने तेव्हा सांगितलं. आदल्या संध्याकाळी एक वाक्य सांगितलं असतं तर! माझ्या हाताचे फराटे त्या भिंतीवर अजून नव्या रंगाखालून दिसतात असं मला वाटतं, नवरा म्हणतो दिसत नाहीत.

तर माझं म्हणणं एवढंच की आम्हाला घरी एकटं सोडून जाताना "आज रात्री हे करू नका" हे सांगून जात जा. तुमचं काम सहाला संपतं, आमची रात्र तिथून सुरू होते.

ओली_भिंत

घर_क्र_७, वाचून गप्पच झालो. आम्ही काय करणार ते आम्ही पाऊण तास सांगतो, तुम्ही काय करायचं नाही ते मात्र नाही सांगत. खरं आहे.

जुना_मुकादम, भिंतीचं बघतोय, सहीशिवाय हात लावता येत नाहीये हाच तर घोळ आहे.

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, या धंद्याशी संबंध नाही पण धागा वाचून राहवलं नाही कारण हे आमच्याकडे रोजचं आहे. "मी सांगितलं होतं हो" हे वाक्य प्रत्येक वॉर्डात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं.

रॉय केसल्स म्हणून एक मेंदू-मानसशास्त्राचे संशोधक आहेत, त्यांचा २००३ चा लेख आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. डॉक्टर जे सांगतात त्यातलं ४० ते ८० टक्के पेशंट लगेच विसरतो आणि जे लक्षात राहतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं असतं. आणि हे लोक पलंगावर बसून ऐकत असतात, घोटाभर पाण्यात उभं राहून नाही! त्यामुळे तुमच्या मालकांना पाऊण तासातलं एकच वाक्य आठवलं यात त्यांचा दोष नाही, आकडा होता म्हणून तेवढं तरी राहिलं.

आम्ही काय करतो ते सांगते, तुमच्या उपयोगाचं असेल तर घ्या. वाईट बातमी कशी सांगायची याची एक पद्धत आहे, स्पाइक्स म्हणतात, २००० साली कॅन्सरच्या पेशंटसाठी मांडलेली. त्यात बातमी सांगायच्या आधी दोन पायऱ्या आहेत ज्या सगळे खाऊन टाकतात. पहिली म्हणजे समोरच्याला आत्ता काय माहीत आहे ते विचारायचं, "तुमच्या मते कुठपर्यंत नुकसान झालंय?" आणि दुसरी, त्याला किती ऐकायचंय ते विचारायचं. काहींना सगळं हवं असतं, काहींना फक्त आज रात्री कुठे झोपायचं एवढंच. हे न विचारता आपण सगळं ओततो आणि मग म्हणतो सांगितलं होतं.

शेवटी परत वदवून घ्यायचं. पण "कळलं का?" असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मी म्हणते, "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल?" मग खरं कळतं. तुम्ही विचारू शकता, रात्री आवाजाचा त्रास झाला तर काय कराल? त्यांनी "बंद करू" म्हटलं असतं आणि तुमचे दोन दिवस वाचले असते.

साइट_सुपरवायझर_२

हे सगळं ऐकायला छान आहे हो. एक घर असेल तर मीही करेन. वादळानंतर एका वेळी १४ साइट चालू असतात, माणसं पुरत नाहीत, मशिनं पुरत नाहीत, स्वतःचं घर गळत असतं, त्यात कुठे प्रत्येकाला सातचा फोन आणि मुलाला काय सांगाल विचारत बसायचं. आम्ही प्रत्येक क्लायंटचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. आता रात्री दोनला मेसेज येतात, ग्रुपवर त्यांचा मेहुणा, काका, आर्किटेक्ट, सगळे. मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळतं. काल एका ग्रुपवर माझ्या तिघा माणसांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली, एक म्हणाला उद्या येतो, एक म्हणाला परवा, तिसऱ्याने अंगठा टाकला. क्लायंटने तिघांचे स्क्रीनशॉट काढून मलाच पाठवले.

जुना_मुकादम

ग्रुपचा दोष नाही, तीन तोंडांचा दोष आहे. क्लायंटशी बोलणारं तोंड एकच ठेवा. बाकीच्यांनी नमस्कार, पाणी कुठे सांडू, एवढंच बोलायचं, कितीही माहीत असलं तरी. "ताई, हे आमचे अमुक सांगतील, मी त्यांना कळवतो" हे म्हणायला माझ्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि क्लायंटकडचंही तोंड एकच ठरवून घ्यायचं, तेही पहिल्याच दिवशी. "निर्णय कोणाला विचारू?" हा प्रश्न विचारताना लाजू नका, घरात तीन भाऊ असतील तर नंतर तिघे तीन रंग सांगतात.

१४ साइट असतात तेव्हा तर हे जास्तच लागतं. तेव्हा लोकांना आपण कधी येणार यापेक्षा आपला नंबर कितवा आणि तोपर्यंत काय करू हे हवं असतं. "तुमचं घर नववं आहे, परवा दुपारच्या आत होणार नाही, उद्या सातला कळवतो. तोपर्यंत सॉकेटपर्यंत पाणी असेल तर आत पाय ठेवू नका, काही हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, छत फुगलं असेल तर त्याच्याखाली उभे राहू नका." हा एक मेसेज लिहून ठेवलेला असतो माझ्याकडे, नंबर बदलून पाठवतो. नववा म्हटल्यावर लोक ओरडतात? ओरडतात. पण "लवकरच येतो" म्हटल्यावर जेवढे ओरडतात त्याच्या निम्म्यानेही नाही.

पिनवाला_मीटर

चांगला धागा. माझा एकच मुद्दा आहे आणि तो ओलावा मोजायच्या मीटरचा. क्लायंटच्या हातात मीटर द्या. खरंच सांगतो, माझ्या निम्म्या कटकटी यातूनच संपल्या.

एका बाईंना काही केल्या पटत नव्हतं की हॉलची भिंत ओली आहे. हात लावला तर कोरडी, रंग ठीकठाक, मी मुद्दाम काम वाढवतोय असंच त्यांना वाटत होतं. मग मी त्यांना आधी वरच्या खोलीत नेलं जिथे पाणी गेलंच नव्हतं. मीटर त्यांच्याच हातात. म्हटलं दाबा भिंतीत. १० आलं. दुसऱ्या भिंतीत दाबा. ९. मग खाली हॉलमध्ये, फरशीपासून वितभर वर. ३४, आणि मीटर ओरडायला लागलं. बाई मीटर काढेनात. मग स्वतःच वर वर सरकत गेल्या, कमरेपर्यंत ३०, छातीपाशी १४, डोक्याच्या वर १०. पेन्सिलने त्यांनीच रेघ मारली. मी एक शब्द बोललो नाही. पुढचे चार दिवस मी पोचायच्या आधी त्या स्वतःच भिंतीपाशी उभ्या, चला मोजूया.

ओली_भिंत

हे मी करायचो पूर्वी, सोडून दिलं कारण लोक आकडा धरून बसतात. एकाने नेटवर वाचलं की १६ च्या खाली आलं की वाळलं, मग रोज भांडण, १६ झालं ना, मशीन काढा.

पिनवाला_मीटर

बरोबर, म्हणून आकडा द्यायचा नाही, तुलना द्यायची. पिनांचं मीटर मुळात विजेचा अडथळा मोजतं आणि त्याची टक्केवारी लाकडासाठी लावलेली असते. गिलाव्यात किंवा जिप्सम बोर्डात तोच आकडा टक्के नसतोच, फक्त कमी-जास्त कळतं. भिंतीत क्षार असले तर कोरडी भिंतही ओली दाखवते. म्हणून मी पहिल्या दिवशीच कोरड्या खोलीचं रीडिंग भिंतीवर टेपवर लिहून ठेवतो आणि म्हणतो, आपलं घर वाळलं की हा आकडा येतो, आपल्याला इथे जायचंय. मग नेटवरचा १६ आपोआप गळून पडतो.

उष्णतेचा कॅमेरा दाखवताना पण जपून. रंगीत चित्र बघून लोक घाबरतात. तो कॅमेरा पाणी दाखवतच नाही, तापमान दाखवतो, ओल असेल तिथे बाष्प होताना गारवा येतो म्हणून निळं दिसतं, पण एसीचा झोत लागला तरी निळं दिसतं. मीटर टेकवल्याशिवाय निळ्यावर काही बोलू नका.

चहाटळ

आमच्या साहेबांना पण मीटर लावून बघायला हवं, वरून कोरडे दिसतात.

माजी_सर्व्हेयर

एक वाक्य सगळ्यांनी आयुष्यातून काढून टाका, "हे क्लेममध्ये बसेल." मी विमा कंपन्यांसाठी सर्व्हे करायचो, अर्धी भांडणं या तीन शब्दांतून निघालेली बघितली आहेत. कॉन्ट्रॅक्टर धीर द्यायला म्हणतो, क्लायंट त्यावर खर्च करून बसतो, मग पॉलिसीत ते वगळलेलं निघतं आणि तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पॉलिसीत काय आहे ते सांगणं तुमचं कामच नाही, बऱ्याच ठिकाणी विमाधारकाच्या वतीने क्लेमची बोलणी करायला वेगळं लायसन लागतं. "आम्हाला काय सापडलं ते मी सांगतो, काय करायला हवं ते सांगतो, पैसे कोण देणार ते विमा कंपनीला लेखी विचारा, मी लागतील ते फोटो आणि रीडिंग देतो." एवढंच.

पण याचा दुसरा टोकाचा अर्थ काढू नका. सर्व्हेयर येईपर्यंत काहीच करायचं नाही असं लोकांना वाटतं आणि ते ओल्या गालिच्यावर चार दिवस बसून राहतात. पॉलिसीत साधारणपणे उलटं असतं, नुकसान वाढू नये म्हणून वेळेत हातपाय हलवणं ही मालकाचीच जबाबदारी धरतात. पाणी काढा, वाळवायला लावा, फक्त आधी फोटो, आणि जे फेकाल त्याचा एक तुकडा ठेवा. गालिच्याचा हातभर तुकडा पिशवीत घालून वर खोलीचं नाव लिहून ठेवलं तर नंतर किती बोलणं वाचतं याचा अंदाज नाही तुम्हाला.

धागाकर्ते, तुमच्या सहीच्या घोळाबद्दल. वाढीव कामाचा कागद तुम्ही भांडण झाल्यावर पुढे केलात ना? मग तो त्यांना बिल वाटतो. पहिल्या दिवशीच्या इस्टिमेटमध्येच एक ओळ हवी होती, कपाटांमागे बघता आलेलं नाही, अमुक दिवशी ओल निघाली तर कपाटं काढावी लागतील. लपलेलं असणार हे आधी लिहिलेलं असलं की नंतर ते लपवलेलं वाटत नाही.

घर_क्र_७

"लपलेलं आणि लपवलेलं", वाचनखूण साठवली.

मैला_आणि_मी

सगळे पाइपच्या स्वच्छ पाण्याबद्दल बोलताय. माझं बहुतेक काम ड्रेनेज उलटं आलं किंवा नदीचं पाणी घरात शिरलं याचं असतं. आमच्याकडे पाण्याचे तीन प्रकार धरतात, नळाचं स्वच्छ, मग वॉशिंग मशीनसारखं थोडं घाण, आणि तिसरं म्हणजे मैला, पूर, सगळं त्यात. तिसऱ्यात गादी, गालिचा, उशा वाचत नाहीत, वाळवून चालत नाही, फेकावंच लागतं. आणि स्वच्छ पाणी पण दोनतीन दिवस साचलं तर स्वच्छ राहत नाही, हे क्लायंटला फार अवघड जातं, "नळाचंच होतं ना" म्हणतात.

मी पूर्वी "बघू, वाचवता आलं तर" असं म्हणायचो. चांगुलपणा वाटायचा. एका आजोबांना त्यांच्या पलंगाच्या गादीबद्दल तसं म्हणालो, ते रोज विचारायचे, गादीचं काय झालं. चौथ्या दिवशी फेकली तेव्हा ते माझ्याशी बोललेच नाहीत, गादी गेली म्हणून नाही, चार दिवस खोटं बोललो म्हणून. तेव्हापासून सरळ सांगतो, "ही वाचणार नाही." आणि गप्प बसतो. पुढे लगेच "पण नवीन मिळेल" हे जोडायचं नाही, ते फार लागतं माणसाला. मिनिटभर गप्प बसणं हे मला वाळवण्यापेक्षा अवघड गेलं शिकायला.

फेकायच्या आधी मी मालकाला एकदा ढिगापाशी नेतो. दस्ताने घालून, लांबून का होईना, एकदा बघून घेतात. बऱ्याचदा कोणीतरी पुढे येऊन एखादी गोष्ट उचलतं जी आमच्या दृष्टीने कचरा होती.

कागद_आणि_शाई

मैला_आणि_मी यांना मोठं अनुमोदन. मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते. कृपा करून पहिल्या तासात विचारा, "असं काय आहे जे पैशाने परत येणार नाही?" टीव्हीबद्दल कोणी बोलत नाही बघा, फोटो, सर्टिफिकेटं, वह्या हेच सांगतात. आणि याला घाई आहे कारण ओल्या फोटोंना साधारण ४८ तासच असतात.

क्लायंटला फोनवर सांगता येईल असं सांगते. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवू नका, तसेच वाळूही देऊ नका, वाळले की कायमचे चिकटतात. साध्या स्वच्छ गार पाण्यात ठेवले तर हळूहळू सुटतात, मग एकेक करून चित्राची बाजू वर ठेवून वाळवायचे, त्या बाजूला बोट लावायचं नाही. एवढा वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. हो, फ्रीजर. ओली वही, पुस्तक पण तसंच. गोठलं की बुरशी थांबते आणि आपल्याला महिन्याभराची उसंत मिळते. १९७२ च्या पुरात अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयाच्या ग्रंथालयातली भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून ठेवली होती आणि नंतर निवांत वाळवली.

याचा बोलण्याशी संबंध काय म्हणाल तर हा की घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला हाताला काम हवं असतं. फोटो एकेक करून पसरणं हे तो करू शकतो. तो त्यात असतो तेव्हा तुम्हाला तुमचं काम पण करू देतो.

साइट_सुपरवायझर_२

मघाशी जरा तिरकं बोललो, वादळाचा थकवा होता. आज सकाळी १४ ही ग्रुप बंद केले, म्हणजे फक्त अॅडमिन लिहील असं केलं, आणि सगळ्यांना नंबर कितवा ते कळवलं. दोघांनी शिव्या घातल्या. बाकीच्यांनी ठीक आहे म्हटलं. मेहुणा मात्र आता थेट मलाच फोन करतो, त्यावर काही उपाय असेल तर सांगा.

जुना_मुकादम

मेहुण्याला मीटर द्या.

ओली_भिंत

अपडेट देतो, सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

काल संध्याकाळी गेलो, एकटाच, कागद गाडीत ठेवून. आधी आवाज चढवल्याबद्दल सॉरी म्हटलं. नाईट_ड्युटींनी सांगितलं तसं विचारलं, तुमच्या मते आत्ता काय परिस्थिती आहे? आणि मालक जे बोलायला लागले ते वीस मिनिटं थांबले नाहीत. त्यांना वाटत होतं की कपाटं काढायची म्हणजे पूर्ण किचन जाणार, ओटा फुटणार, दोन महिने घराबाहेर. मी असं काहीच म्हणालो नव्हतो! पण मधल्या दोन दिवसांत त्यांनी ते स्वतःच रचलं होतं, मुकादम म्हणाले तसंच. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, आवाजापेक्षा भीती वाटायची, मशीन तापून पेट घेईल का, म्हणून बंद करायचो. हे तर माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मीटर काढलं. बेडरूममध्ये ११. किचनमध्ये कपाटाच्या फटीतून पिना घालून मालकांनीच मोजलं, २९. कोणी काही बोललं नाही. मग ठरलं की एकच कपाट काढायचं, कडेचं, तेही स्क्रू खोलून, न तोडता, आणि आत काय दिसतंय ते तिघांनी मिळून बघायचं. त्या एका कपाटापुरती सही दिली, बाकीच्या कागदावर नाही. चालेल.

आज सकाळी काढलं. मागे खालच्या कोपऱ्यात बुरशी धरलेली होती, तळहाताएवढी. मी काही बोलायच्या आधी मालक वाकून बघत होते, म्हणाले, "शेजारच्याच्या मागे पण असेल ना?" म्हटलं असू शकेल, काढल्याशिवाय मी सांगू शकत नाही. त्यांनी "विचार करून सांगतो" म्हटलं.

अजून सांगितलेलं नाहीये. मशिनं रात्रभर चालू होती, खोली बदलून झोपले. ६:५६ झालेत, सातचा फोन आहे. बेडरूमचं तसंच आहे, किचनचं २९ चं २८ झालंय, त्याहून सांगण्यासारखं काही नाही. करून येतो.